प्रवासाची वही

व्यापारी घरात प्रवासाची तयारी डब्यांपासून सुरू होते. सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी मात्र मे महिन्यात चर्चा चालली ती पिशवीची. नातू तीन मित्रांसह रेल्वेने युरोप पाहण्यास निघाला होता. सोबत सहल कंपनी नाही, तिचा जैन स्वयंपाकी नाही. प्रत्येकाच्या पाठीवर आठ किलोंची एक पिशवी, एवढाच परिग्रह. आजोबांना खर्चाची काळजी नव्हती. "तिकडे नियम कोण सांभाळणार?" एवढेच त्यांनी विचारले. उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी दुकानातून लाल बांधणीची एक लहान वही आणून नातवाच्या हाती दिली. म्हणाले, "रोजचे रोज लिही. खोडाखोड नको."

मुलांनी बेत विचारपूर्वक आखला होता. चातुर्मास बसण्यापूर्वी परतायचे म्हणून जूनचे तीन आठवडे निवडले. त्यात आणखी एक सोय होती. जूनमध्ये ॲमस्टरडॅमला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार पाळणे सोलापूरपेक्षाही सोपे. डिसेंबरात तोच सूर्य साडेचारला मावळतो. जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज केला; त्यासाठी आवश्यक असलेला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही उतरवला. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी 1959 पासून असलेला युरेल पास आता 33 देशांत चालतो आणि वयाच्या 27 वर्षांपर्यंत त्यात सवलत मिळते. मुलांनी महिन्यातील कोणतेही सात दिवस प्रवास करता येईल असा पास घेतला. जर्मनी व स्वित्झर्लंडमधील बहुतेक गाड्यांत या पासवर थेट बसता येते. फ्रान्स व इटलीच्या वेगवान गाड्यांत आसन आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीतून आजीचे तूप आणि पेढे बाहेर निघाले, कारण प्रवाशाने बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. खाखरे, मूगडाळ, तांदूळ आणि एक छोटे पातेले तेवढे राहिले.

पहिली कसोटी पैशाचीच लागली. चौघांनी सारखी रक्कम घालून एक सामाईक पाकीट केले होते. ॲमस्टरडॅमच्या वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघरात नातू स्वतःची खिचडी शिजवी. तिघे बाहेर जेवत, आणि सर्वांचे पैसे त्याच पाकिटातून जात. दोन दिवस तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने वही उघडून दाखवली. "मैत्रीत कसला हिशेब?" असे एकजण म्हणाला खरा, पण मुक्काम आणि तिकिटे सामाईक, खाणेपिणे ज्याचे त्याचे, असे ठरल्यावर पुन्हा कुरबूर झाली नाही.

अँटवर्पच्या 1905 साली खुल्या झालेल्या भव्य स्थानकाला लागूनच हिऱ्यांची बाजारपेठ आहे. या व्यापारातील जैन कुटुंबांनी शहराच्या विलरेक भागात संगमरवरी मंदिर उभारले आहे. नातवाने तेथे दर्शन घेतले. घरापासून इतक्या दूर तीच शांत मुद्रा पाहून त्याचे मन भरून आले.

खरा पेच कोलोनला पडला. बीथोव्हेनचे जन्मगाव बॉन तेथून जेमतेम अर्ध्या तासावर. पण गाडीत चढण्यापूर्वी मोबाइलमधील पासवर त्या दिवसाची नोंद करावी लागते आणि सातांतला एक दिवस खर्ची पडतो. जर्मन स्थानकांवर फाटक नसते, तपासनीस येईलच असेही नसते. एका मित्राने सुचवले, "एवढ्याशा प्रवासाला नोंद कशाला?" पकडले गेल्यास 60 युरो दंड होतो, हे सर्वांना ठाऊक होते, पण नातवाने दंडाचा विषय काढला नाही. तो यंत्रापाशी गेला आणि आपले साधे तिकीट काढून आला. पासचा दिवस वाचवण्याचा सरळ मार्गही तोच होता. थोड्या वेळाने दोघे उठले, शेवटी चौथाही. जाताना तपासनीस आला नाही, येतानाही नाही. चौथा हसून म्हणाला, "गेले ना पैसे पाण्यात?"

झुरिकमध्ये 1898 पासून चालणाऱ्या हिल्टल या शाकाहारी उपाहारगृहात नातू निर्धास्तपणे जेवला. तोच निर्धास्तपणा पुढे मिलानला नडला. कांदा-लसूण नको, एवढे सांगून त्याने पास्ता मागवला. वर किसलेल्या चीजविषयी विचारायचे राहिले. खाल्ल्यावर कळले की ते पार्मिजानो रेज्जानो होते. या चीजसाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरणे नियमानेच बंधनकारक आहे. त्या रात्री तो मित्रांशी फारसे बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उपवास केला. तिघांनीही त्याच्यासमोर काही खाल्ले नाही.

परतल्यावर वही आजोबांपुढे आली. पेढीवरच्या सवयीने त्यांनी आधी बेरजा ताडून पाहिल्या, मग नोंदी वाचल्या. "कोलोन ते बॉन व परत, तिकीट. तपासनीस आला नाही." चार पानांनंतर: "मिलान. न विचारता चीज खाल्ले, प्राणिज निघाले. चूक माझी. उपवास केला." त्या ओळीवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले.

"हे लिहिले नसतेस, तर इथे कोणाला कळले असते?"

"कोणालाच नाही, आजोबा."

आजोबांनी चष्मा काढला. मे महिन्यात विचारलेला प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. वही मिटून दुकानाच्या वह्यांशेजारी ठेवताना ते एवढेच म्हणाले, "पुन्हा जाशील तेव्हा जूनमध्येच जा. डिसेंबरात सूर्य फार लवकर मावळतो."