‘देशात प्रथमच’ची भूल आणि चुंबकाचा धडा



विद्युत अभियांत्रिकीतील संशोधनाच्या बातम्यांना सध्या बरे दिवस आले आहेत. आज नव्या मोटरची, उद्या नव्या अँटेनाची, परवा ‘सिक्स-जी’च्या चाचणीची बातमी येते. या बातम्यांचे मथळे मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात: ‘देशात प्रथमच’, ‘संपूर्ण स्वदेशी’, ‘जगाला चकित करणारे’. देशातल्या संशोधकांच्या कामाचा आनंद कुणालाही व्हावा. माझे भांडण आनंदाशी नाही, मोजपट्टीशी आहे. एखादी वस्तू देशात प्रथम झाली, एवढ्यावर संशोधन मोजायचे ठरवले की ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे विचारायची गरजच उरत नाही. आणि प्रश्न न विचारल्याची किंमत किती असते, ते २०२५ या वर्षाने आपल्याला रोखीने दाखवून दिले.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही त्यांतली दोन नावे. त्या दिवसापर्यंत ही नावे रसायनशास्त्राच्या तक्त्याच्या तळाशी निवांत पडून होती. काही आठवड्यांत ती वाहन कंपन्यांच्या बैठकांत ऐकू येऊ लागली. पुण्याच्या बजाज ऑटोला ऑगस्ट २०२५ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचे उत्पादन आवरते घ्यावे लागले. कारखाना आपला, कामगार आपले, मागणी आपली. अडले ते मोटरमधल्या चुंबकापाशी.

हे चुंबक कशाला लागते, हे आधी समजून घेऊ. त्यासाठी आम्हा भिलाईकरांना फार लांब जावे लागत नाही. इथल्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये मालगाड्या ओढणारी दोन पिढ्यांची इंजिने सांभाळली जातात. डब्ल्यूएजी-७ हे ५,००० अश्वशक्तीचे इंजिन डीसी मोटरवर चालते. तिच्यात कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात आणि बदलावे लागतात. डब्ल्यूएजी-९ हे ६,००० अश्वशक्तीचे इंजिन थ्री-फेज इंडक्शन मोटरवर चालते. तिच्या स्थिर भागातील प्रवाह एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, ते क्षेत्र फिरत्या भागात प्रवाह उत्पन्न करते आणि त्या ओढीने रोटर फिरतो. ब्रश नाही, चुंबकही नाही. लोखंडाचे पत्रे आणि चांगले वाहक धातू एवढ्यावर हजारो टन कोळसा चढावर चढतो. ही कल्पना १८८८ पासून जगाला माहीत आहे. तिचा वेग हवा तसा नियंत्रित करणे मात्र शक्तिशाली इलेक्ट्रॉनिक स्विच आणि इन्व्हर्टर आल्यावरच रेल्वेला जमले.

मग स्कूटरलाही तीच मोटर का नको? कारण तिथे जागा वितभर असते आणि बॅटरीतला प्रत्येक वॅट मोजून वापरायचा असतो. इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये प्रवाह वाहतो, म्हणून तिथे उष्णता निर्माण होऊन ऊर्जा वाया जाते. रोटरवर कायमचे चुंबक बसवले की तो तोटा टळतो; मोटर लहान, हलकी आणि काटकसरी होते. यासाठी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक सर्वांत जोमदार. त्याच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग साध्या लोखंडाचा असतो. पण ते तापले की त्याचे चुंबकत्व ढळू लागते. ते टिकावे म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. विदर्भ-छत्तीसगडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धावणाऱ्या वाहनाला ही चिमूट किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. नेमकी तीच चिमूट अडली.

आता या चुंबकाचा जन्म पाहा. १९७८ साली आफ्रिकेतील झैरेच्या खाणपट्ट्यात संघर्ष पेटला आणि कोबाल्टचे भाव भडकले. त्या काळची उत्तम चुंबके सॅमारियम आणि कोबाल्ट यांची होती. जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी विचारले, की कोबाल्टऐवजी मुबलक मिळणाऱ्या लोखंडापासून तितकेच जोमदार चुंबक बनवता येईल का? १९८३ साली सुमितोमोचे मासातो सागावा आणि जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे उत्तर जगापुढे ठेवले. आज ज्याच्यावाचून आपण अडलो आहोत, ते चुंबक स्वतःच एका टंचाईचे अपत्य आहे.

दुसरा धक्का २०१० मध्ये बसला. चीनकडून जपानला होणारा दुर्मिळ मृदांचा पुरवठा आखडला. जपानने नवे पुरवठादार शोधले, पण तो तेवढ्यावर थांबला नाही. चुंबकाच्या सूक्ष्म कणांच्या कडांवरच डिस्प्रोसियम मुरवायचे, आतला गाभा त्याच्याशिवाय ठेवायचा, हे तंत्र तिथे कसाला लावले गेले. २०१६ मध्ये होंडा आणि दायदो स्टील यांनी डिस्प्रोसियम व टर्बियम यांच्याशिवाय संकरित मोटारगाडीच्या मोटरसाठी चुंबक तयार केल्याचे जाहीर केले. युरोपात रेनॉ आणि बीएमडब्ल्यू यांनी तर रोटरवर चुंबकाच्या जागी तांब्याची वेटोळी गुंडाळून विजेच्या मोटारगाड्या रस्त्यावर आणल्या.

२०१० ची ती बातमी आपल्याकडेही छापून आली होती. म्हणजे आपल्याला पंधरा वर्षांची पूर्वसूचना मिळाली होती. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट आहे. त्यातून दुर्मिळ मृदा वेगळ्या करण्याचे काम आपली सरकारी कंपनी १९५० च्या दशकापासून करते आहे. या वाळूत निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्ये पुरेशी आहेत. डिस्प्रोसियमसारखी जड मूलद्रव्ये अगदी अल्प. म्हणजे ‘डिस्प्रोसियमशिवाय चुंबक’ हा प्रश्न जपानइतकाच, किंबहुना जपानपेक्षा अधिक, आपला होता. त्याचा पाठपुरावा त्या तोलामोलाने झाला नाही. मे २०२३ मध्ये विशाखापट्टणमला दुर्मिळ मृदा चुंबकांचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा मथळे झळकले. त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो, चुंबक सॅमारियम-कोबाल्टचे, उपयोग प्रामुख्याने संरक्षण, अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्रांत. तो कारखाना आवश्यकच होता. पण स्कूटरच्या मोटरचा प्रश्न त्याने सुटणार नव्हता, हे त्या मथळ्यांवरून कोणाला कळले असते?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची चुंबक-योजना मंजूर केली. लक्ष्य वर्षाला ६,००० टनांचे, म्हणजे विशाखापट्टणमच्या दोन हजार पट. त्यातले ६,४५० कोटी विक्रीवरील प्रोत्साहनाचे, ७५० कोटी भांडवली अनुदानाचे. योजनेचे स्वागत करूनही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे: या दोन मोठ्या आकड्यांत संशोधनाचे खाते दिसत नाही. कारखाना उभारायला पैसा आहे; पण त्यात कोणते चुंबक आणि कोणत्या प्रक्रियेने बनवायचे, हे ज्ञान उसने आणले, तर पुढच्या टंचाईच्या वेळी आपण पुन्हा याच दारात उभे असू. फक्त दार दुसऱ्याचे असेल.

कोणी म्हणेल, सगळे स्वतःच शोधण्याचा हट्ट कशाला? जगात जे स्वस्त मिळते ते विकत घ्यावे आणि आपण जे चांगले करतो ते करावे. हा युक्तिवाद पोकळ नाही. प्रत्येक स्क्रू देशात बनवण्याच्या आग्रहाने आपण पूर्वी हात पोळून घेतले आहेत. पण विकत घेणाऱ्यालाही ज्ञान लागते. कोणते चुंबक टाळता येईल, मोटरचा आराखडा बदलून फेराइटसारख्या स्वस्त चुंबकावर काम भागेल का, हे ज्याला कळते तोच चांगला सौदा करतो. ज्याला कळत नाही, त्याला विक्रेत्याने सांगितलेली किंमत मोजावी लागते, आणि विक्रेत्याने दुकान बंद केले की घरी परतावे लागते.

आपल्याकडे प्रश्न विचारायची कुवत नाही, असेही नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या म्हटल्या असत्या तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या परिस्थितीचा विचार केला. लहरी मीटरभर लांबीच्या आहेत, इथे बर्फ पडत नाही, मग तारांची जाळी ताणून का भागू नये? त्या विचारातून हलकी, स्वस्त तबकडी उभी राहिली, आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आज तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागतात.

मोबाइलच्या बाबतीतही असाच विचार झाला. ‘फाइव्ह-जी’च्या ग्रामीण चाचणीत दोन मनोऱ्यांमधले अंतर सुरुवातीला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास धरले होते. भारतीय संशोधकांनी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात सांगितले की आमच्या खेड्यांत मनोरे विरळ असतात, माणसे सावकाश फिरतात. सहा किलोमीटर अंतराची चाचणी ठेवा. ती ठेवली गेली. तिचे उत्तरही आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद यांसारख्या संस्थांतून आले. मनोऱ्यापासून दूरच्या फोनची अडचण ऐकण्यापेक्षा बोलण्याची असते: त्याची शक्ती अपुरी पडते. लहरीचे उंच सुळके कमी करून ती सपाट केली, तर फोनमधला अॅम्प्लिफायर अधिक शक्तीने चालवता येतो आणि आवाज मनोऱ्यापर्यंत पोचतो. ‘फाइव्ह-जी-आय’ नावाच्या या मानकाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय संघाची मान्यता मिळाली. पुढे वेगळ्या मानकाच्या खर्चावरून दूरसंचार कंपन्यांनी हरकत घेतली आणि त्यातले मुख्य तंत्र जागतिक मानकात सामावून घेण्याचे ठरले. आपल्या माध्यमांना यात आधी ‘भारताचा विजय’ दिसला, नंतर ‘माघार’. बस्तरच्या पाड्यावरचा फोन लागण्यासाठी विचारलेला प्रश्न जगाच्या चाचणी-पुस्तकात कायमचा नोंदला गेला, ही खरी बातमी दोन्ही मथळ्यांत हरवली.

तिसरे उदाहरण माझ्या गावचे. रुळाच्या पोलादात हायड्रोजन उरला तर आतून बारीक तडे जातात आणि एक दिवस रूळ तुटतो. रेल्वेने पोलादातील हायड्रोजनवर दशलक्षात १.६ भाग अशी कडक मर्यादा घातली. भिलाईच्या कारखान्याला वितळलेल्या पोलादातून निर्वातात वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवावी लागली. आज तिथे १३० मीटर लांबीचे एकसंध रूळ निघतात. जाणकार आणि आग्रही गिऱ्हाईक हीसुद्धा संशोधनाची एक प्रेरणा असते, हे या रुळांनी शिकवले आहे.

मोटरचे पोट पोलादाच्या पातळ पत्र्यांनीच भरलेले असते. भोवऱ्यासारख्या प्रवाहांत ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून त्यात सिलिकॉन मिसळतात आणि पत्रे एकमेकांपासून विलग ठेवतात. वेगाने फिरणाऱ्या मोटरला हे पत्रे आणखी पातळ लागतात. म्हणजे मोटरचे संशोधन हे अर्धे पोलादाचे संशोधन आहे. भिलाईत पोलाद आहे, इंजिनांची शेड आहे, आणि आयआयटीही आहे. तिचे कुटेलाभाठा येथील संकुल फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. या तिघांमध्ये काय देवाणघेवाण चालते, हे एखाद्या वार्ताहराने विचारावे, अशी माझी फार दिवसांची अपेक्षा आहे.

वैशाली नगरच्या गल्ल्यांतून रोज सायंकाळी शिकवणीच्या वह्या घेऊन जाणारी मुले मी पाहतो. विदर्भातून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांची तिसरी पिढीही त्यांत आहे. विद्युत अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तरी त्यातल्या अनेकांचा डोळा पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मोटर, पत्रा, चुंबक, अँटेना यांत सोडवण्याजोगे प्रश्न उरले आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. बातम्यांनी फक्त सोडवून झालेल्या प्रश्नांचे सत्कार दाखवले.

म्हणून मित्रहो, पुढची ‘देशात प्रथमच’ अशी बातमी आली की टाळी वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कोणत्या अडचणीचे उत्तर आहे? यातला कोणता भाग उद्या कोणी अडवला तर हे काम थांबेल? आणि प्रयोगशाळेतल्या एका नमुन्यापासून कारखान्यातल्या लाखाव्या नगापर्यंत जाण्याचा खर्च कोण उचलणार आहे? बातमीत उत्तरे नसतील तर ती लिहिणाऱ्याला विचारा, संस्थेला विचारा, आपल्या प्राध्यापकांना विचारा. आणि तिथेही मिळाली नाहीत, तर आपल्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय सापडला असे समजा.

— वैशाली नगर, भिलाई