एका रकान्यात दोन प्रश्न

रुग्णालयाच्या अर्जावर ‘लिंग’ हा एकच रकाना असतो. शरीराची घडण आणि समाजातील ओळख या दोहोंना रोजच्या मराठीत सहसा हा एकच शब्द (व्याकरणालाही तोच पुरतो!), म्हणून दोन प्रश्न एकात कोंबावेत हे मला मुळीच मान्य नाही. शरीराची माहिती उपचारासाठी हवीच. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते औषध सावकाश बाहेर पडते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांचा स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. अर्जाने तो पाळावाच. परंतु ‘इतर’ या खुणेवरून डॉक्टरांना कोणता बोध व्हावा? पुरुष म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीला गर्भाशय असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तिला कोण सुचवणार?

कागदावर जागा नाही, असे सांगितले जाते. धर्म विचारायला मात्र अनेक अर्जांवर जागा सापडते! वाचकहो, रकाने दोन हवेत. आणि शरीराविषयीचा प्रश्न नोंदणीच्या खिडकीवर चारचौघांत नव्हे, तपासणीच्या खोलीत दार लावून विचारला जावा.