पडद्यावरच्या घराचे वासे



गेल्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावावेत हे दाखवायला एका वस्तीवर गेलो होतो. काम उरकेपर्यंत दिवस मावळला. घरधनी म्हणाले, "साहेब, आता भाकरी खाऊनच जा." हातपाय धुऊन ओसरीवर टेकलो. आत दूरचित्रवाणीवर 'बिग बॉस' चालू होते. त्या झगमगीत घरात दोन बायका साखरेच्या डब्यावरून भांडत होत्या. इकडे सासूबाईंनी एकीची बाजू घेतली, सूनबाईंनी दुसरीची. तिकडचे भांडण जाहिरात लागताच थांबले. इकडचे मात्र भाकरी करपेपर्यंत चालले!

हसून सोडून देण्यासारखीच गोष्ट. पण जेवण झाल्यावर त्या घरचा तेवीस वर्षांचा मुलगा मला गोठ्याकडे घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मला त्या घरात जायची संधी आली आहे. मुंबईचे एक साहेब फोनवर बोलतात. नोंदणीचे ऐंशी हजार भरायचे आहेत. दोन हजार भरलेत. बाकीच्यासाठी ही म्हैस काढावी म्हणतो. बाबांना इतक्यात बोलू नका."

त्या म्हशीच्या दुधावर धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी भरली जाते, हे मला ठाऊक होते. त्या रात्री त्याला जे सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हा खेळ घरोघर पाहिला जातो, पण तो चालतो कसा हे फारसे कुणी सांगत नाही.

या खेळाचे बियाणे आपल्याकडचे नाही. नेदरलँड्स देशात जॉन डी मोल यांच्या कंपनीने १९९९ साली 'बिग ब्रदर' नावाने तो सुरू केला. नाव घेतले जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या कादंबरीतून. त्यात सगळ्यांवर नजर ठेवणारा सत्ताधीश 'बिग ब्रदर' आहे. पुढे हे वाण देशोदेशी गेले. हिंदीत ते २००६ च्या नोव्हेंबरमध्ये 'बिग बॉस' म्हणून आले. पहिल्या पर्वाचे सूत्रधार अर्शद वारसी होते आणि राहुल रॉय जिंकले. दुसऱ्या पर्वाची सूत्रे शिल्पा शेट्टी यांच्याकडे होती. त्याआधी २००७ साली इंग्लंडमधला असाच खेळ त्यांनी जिंकला होता. तिसरे पर्व अमिताभ बच्चन यांनी चालवले आणि २०१० पासून सलमान खान यांचे नाव या खेळाला चिकटले. मराठीत तो २०१८ साली आला.

आता त्या घराकडे वळू. ते कुणाचे राहते घर नाही. खेळासाठी उभारलेला तो देखावा आहे. पूर्वी बरीच पर्वे लोणावळ्याला झाली. २०१९ च्या तेराव्या पर्वापासून हे घर मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीत उभे राहू लागले. अलीकडे त्यात शंभराच्या आसपास कॅमेरे असतात. भिंतीवरचे काही आरसे एकतर्फी असतात. आतल्याला आपले तोंड दिसते आणि मागे उभ्या असलेल्या कॅमेरावाल्याला आतला माणूस. प्रत्येकाच्या गळ्यात आवाज टिपणारा माईक असतो. कुजबुजलेले शब्दही बाहेर ऐकू जातात.

आत घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. बाहेर काय चालले आहे ते कळत नाही. सकाळी गाणे वाजले की उठायचे. दिवसा डोळा लागला तर कोंबडा आरवल्याचा आवाज सोडतात. आपल्याकडे कोंबडा पहाटे आरवतो, तिथे भर दुपारी! स्वयंपाक, झाडलोट, भांडी हे सगळे आपले आपणच करायचे. शिधा मोजून मिळतो. जादा जिन्नस हवे तर दिलेले काम जिंकावे लागते.

आता विचार करा. दहापंधरा अनोळखी माणसे एका आवारात कोंडली, त्यांना शेत नाही, धंदा नाही, वेळ घालवायला काही साधन नाही आणि साखर मोजून दिली, तर काय होईल? भांडणच होईल. आपल्या घरीही पाऊस लागून चार दिवस कामे थांबली की माणसे एकमेकांवर चिडू लागतात. तिथे ती झड तीन महिने मुद्दाम लावलेली असते.

दर आठवड्याला प्रत्येकाने घराबाहेर घालवण्यासाठी सोबत्यांची नावे द्यायची आणि कारणही सांगायचे. याला नामांकन म्हणतात. जो कप्तान असतो, तो बहुधा यातून सुटतो. म्हणून कप्तानपदासाठी झुंज लागते. ज्यांची नावे येतात त्यांना प्रेक्षक मते देतात आणि ज्याला कमी मते, तो घरी जातो. आठवड्याच्या शेवटी सूत्रधार येऊन कुणाची कानउघाडणी करतो, कुणाला शाबासकी देतो. 'बिग बॉस' स्वतः कधी दिसत नाही. हिंदीत तो फक्त अतुल कपूर यांचा आवाज आहे.

त्या मुलाने विचारले, "मग हे सगळे खोटे असते का?" मी म्हणालो, "खोटे नाही, पण निवडलेले असते." संवाद लिहून दिलेले नसतात, असे कार्यक्रमवाले सांगतात. ते खरे धरले, तरी घरात कोणाला घ्यायचे, कोणाशी कोणाची गाठ घालायची, कोणते काम द्यायचे, शिधा किती द्यायचा, हे सगळे तेच ठरवतात. पेरलेले उगवते, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

आणि यातली खरी मेख पुढेच आहे. दिवस चोवीस तासांचा, पडद्यावर दिसतो तो तासभराचा, त्यातही जाहिराती. बाकीचे कापून टाकतात. आपण खळ्यावर उफणतो तेव्हा भूस उडून जाते आणि दाणा पायाशी राहतो. इथली उफणणी पुष्कळदा उलटी असते. दोघींनी सकाळी एकमेकींची वेणी घातली, दुपारी एकत्र हसत जेवल्या, ते उडून जाते. संध्याकाळी पाच मिनिटे भांडल्या, तेवढे राशीला लागते. त्या तुकड्यावरून आपण ओसरीवर बसून ठरवतो, ही बाई वाईट आणि ती चांगली.

हे असे का? कारण हा खेळ तुम्हाला फुकट दिसत असला तरी कुणीतरी त्याचे मोल देते. जाहिरातदार वाहिनीला पैसे देतात ते तुमच्या पाहण्याचे. जितकी माणसे पाहतील तितका जाहिरातीचा दर वाढतो. शांत घर पाहायला कोण थांबणार? म्हणून भांडण हे त्यांचे नगदी पीक.

सरकारलाही याची दखल घ्यावी लागली होती. २०१० साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा कार्यक्रम रात्री ११ नंतरच दाखवावा असा आदेश काढला. वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. तेव्हा आपल्या घरी लहान मुलांनी काय पाहावे, हे शेवटी आपल्यालाच ठरवायचे आहे.

या सगळ्यात चांगले काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. २०१६ साली दहाव्या हिंदी पर्वात सामान्य माणसांनाही घेतले आणि त्यांच्यातलाच मनवीर गुर्जर जिंकला. अमरावतीचा शिव ठाकरे २०१९ साली मराठीत जिंकला आणि पुढे हिंदीत दुसरा आला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण २०२४ साली मराठीचे पाचवे पर्व जिंकला. लहानपणी आईबापांचे छत्र हरपलेला हा मुलगा. त्याचे साधे बोलणे लोकांना आवडले. तेव्हा आपल्या पोराने असे स्वप्न पाहिले तर त्याला हसू नका.

पण व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा. त्या मुलाला मी एकच प्रश्न विचारला, "ऊसतोडीला कोण कुणाला उचल देतो? मुकादम मजुराला, की मजूर मुकादमाला?" तो म्हणाला, "मुकादम." "मग त्या घरात राहणाऱ्यांना आठवड्याचे मानधन मिळते. ज्याला पैसे मिळायचे, त्यानेच आधी ऐंशी हजार का भरावेत?"

तो गप्प झाला. मी म्हणालो, "त्या साहेबांना आत्ता फोन लाव आणि सांग, नोंदणीची रक्कम माझ्या मानधनातून कापून घ्या." त्याने तसे सांगितले. पलीकडचा माणूस आधी गोड बोलला, मग चिडला आणि फोन ठेवून दिला. पुन्हा तो नंबर लागला नाही. लगेच आम्ही १९३० या क्रमांकावर फसवणुकीची तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर जितक्या लवकर हा फोन कराल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा.

दोन हजार परत येतील की नाही, सांगता येत नाही. पण मुलाने आपणहून बापाला सगळे सांगितले. बाप क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "म्हशीला पाणी दाखवलंस का?" एवढेच. मला वाटते, त्या घरात त्या रात्री जे घडले ते कुठल्याही कॅमेऱ्याने टिपले नसते.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "साहेब, म्हणजे ती साखरेवाली वाईट नाही म्हणायची?" मी म्हणालो, "आजी, तिचे तेवीस तास आपण पाहिलेच नाहीत." त्या हसल्या आणि आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, चहा टाक गं. आणि साखर हवी तेवढी घाल."

तर मंडळी, पाहायचे तर जरूर पाहा. धारा काढून, दूध डेअरीला घालून, सगळे मिळून पाहा. पण पडद्यावरचे भांडण पडद्याबरोबरच बंद करा.

पुढल्या आठवड्यात हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याविषयी बोलू. राम राम.