निलगिरीचे रोप घेताना लाकूडही पारखावे

माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत शेतकरी पडीक माळावर निलगिरी लावण्याचे योजतो, तेव्हा रोपवाटिकेत त्याची नजर प्रथम रोपाच्या उंचीवर जाते. हे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. विकावयाचे असते ते लाकूड, आणि लाकडाचा कस उंचीवरून कळत नाही.

दक्षिणेत पसरलेली ‘म्हैसूर गम’ निलगिरी नंदी टेकडीवरील झाडांच्या बियांपासून आली. तेथे निरनिराळ्या जातींचा आपोआप संकर झालेला होता. त्यामुळे एकाच वाफ्यातील रोपांपैकी एक सरळसोट वाढते, तर शेजारच्याचे लाकूड पिळाचे निघून तोडल्यावर टोकांशी तडकते. घनताही झाडागणिक बदलते. समजा, एका झाडाचे घनमीटरभर लाकूड सुकल्यावर ५०० किलो भरले व दुसऱ्याचे ६०० किलो. घेर सारखा असूनही कागदाच्या लगद्यास व सरपणास दुसरेच लाभाचे. वाढीच्या वेगापेक्षा घनतेचा गुण पुढील पिढीत अधिक खात्रीने उतरतो. म्हणून निवडीचे श्रम वाया जात नाहीत.

तरीही गावातील उंच झाडाखालचे बी वेचून रोपे करण्याची रीत सोडणेच इष्ट. संकरित ज्वारीचे दाणे पुढील हंगामात बियाणे म्हणून ठेवू नयेत, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे; येथेही तोच न्याय. निवडक झाडाच्या बुंध्यावरील धुमाऱ्यांपासून केलेल्या छाटकलमांत मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे येतात. भद्राचलमच्या कागद कारखान्याने १९८९ पासून या मार्गाने क्लोन तयार केले.

मात्र गोदावरीच्या खोऱ्यात गाजलेला क्लोन जतच्या मुरमाड माळावर तसाच वठेल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. शिवाय २००० नंतरच्या दशकात पानांवर गाठी आणणारी कीड दक्षिणेत पसरली, तेव्हा काही क्लोन बळी पडले, काही तगले. सबंध माळ एकाच क्लोनने भरणाऱ्यास ही गोष्ट महाग पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने रोपवाटिकेकडून क्लोनचे नाव लेखी मागावे आणि तीन-चार क्लोनच्या वेगळ्या ओळी, विहिरीपासून व ज्वारीच्या पिकापासून दूर, लावून घ्याव्यात. पाचव्या वर्षी प्रत्येक ओळीतील काही झाडे तोडून छातीच्या उंचीवरील चकत्यांचे पाण्यात बुडवून आकारमान मोजावे व त्या पूर्ण वाळवून वजन करावे. तुलना सारख्या वयाच्या झाडांचीच व्हावी. कोवळ्या झाडाचे व गाभ्यालगतचे लाकूड हलकेच असते.