लाखेची मोहोर, उजेडाची मोहोर

पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाखेची मोहोर असे. ती शाबूत दिसली, की वाटेत कोणी पाकीट उघडलेले नाही याची खात्री पटे. आज आपले बँकेचे व्यवहार तारेतून आणि हवेतून धावतात. वाटेत कोणी नक्कल करून घेतली, तर मूळ निरोपावर ओरखडाही उठत नाही. मग कळावे कसे?

यावरचा तोडगा जगापुढे आला तो बंगळूरमध्ये! डिसेंबर १९८४ मध्ये तिथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा निबंध मांडला गेला. त्यांची युक्ती अशी : निरोप ज्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करायचा, तिचा एकेक आकडा प्रकाशाच्या एकेका कणावर, म्हणजे फोटॉनवर, लादून पाठवायचा. फोटॉनची हुबेहूब नक्कल होत नाही आणि चोरून मोजायला गेले, तर त्याची अवस्था बिघडते. दोन्ही टोकांनी थोडे आकडे ताडून पाहिले, की चुका वाढलेल्या दिसतात. मोहोर फुटली! ती किल्ली टाकून द्यायची, नवी घ्यायची.

पण हे नाजूक कण न्यायचे कसे? काचेच्या उत्तम तंतूतही दर १५ किलोमीटरला निम्मे कण गळतात. हवेत धूळ, धुके आणि उन्हाची गर्दी. ज्या हवेमुळे तारे लुकलुकतात, तीच फोटॉनलाही भरकटवते. १९८९ च्या पहिल्या प्रयोगात त्यांनी हवेतून जेमतेम ३२ सेंटिमीटर मजल मारली.

पुढे हीच विद्या पुन्हा बंगळूरला आली. व्यंकोजीराजांशी नाते सांगणारे काडु मल्लेश्वराचे देऊळ जिथे आहे, त्या मल्लेश्वरममध्ये सर सी. व्ही. रामन यांचे ‘पंचवटी’ हे घर. शेजारच्या सदाशिवनगरात त्यांनी १९४८ साली उभारलेली रामन संशोधन संस्था. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रा. उर्बसी सिन्हा यांच्या गटाने तिथल्या दोन इमारतींमध्ये ५० मीटर मोकळ्या हवेतून अशी किल्ली पाठवून दाखवली. त्याच वर्षी अहमदाबादेत ‘इस्रो’ने ३०० मीटर गाठले.

अंतर थोडे वाटते ना? पण दाट हवेचा थर जमिनीलगत काही किलोमीटरच, वर पोकळीच. म्हणूनच २०१७ मध्ये चीनच्या उपग्रहाला १,२०० किलोमीटरवर किल्ली पोचवता आली.

मात्र एक ध्यानात ठेवावे. ही मोहोर वाटेतल्या चोरासाठी आहे. फोनवर गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला आपणच पासवर्ड सांगितला, तर बिचारा फोटॉन काय करणार?