अर्धशिशी आणि तिचे गणगोत

‘हिचं रोज काही ना काही दुखतच असतं!’ जुनाट अर्धशिशी असलेल्या बाईच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येते. डोक्यासाठी एक डॉक्टर, मानेसाठी दुसरे, पोटासाठी तिसरे. फायली वेगळ्या, गोळ्या वेगळ्या. ही दुखणी एकमेकांची नातलग असू शकतात, हे मात्र तिला क्वचितच कोणी सांगते.

मानेचेच पाहा. अर्धशिशीच्या बहुसंख्य रुग्णांची मानही दुखते. डोक्याच्या पुढच्या भागातून आणि मानेच्या वरच्या भागातून निघणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून अर्धशिशीत मान धरते आणि मानेचे दुखणे कपाळात उमटते. चाळिशीनंतर एक्स-रेत मणक्यांची थोडीफार झीज अनेकांना दिसतेच. तेवढ्यावरून ‘स्पाँडिलायटिस’ ठरतो, गळ्याला पट्टा लागतो आणि अर्धशिशी आहे तिथेच राहते.

वेदना वारंवार होत राहिली, की ती ओळखणारी मज्जासंस्थाच हळवी होते. मग ठणका लागला असताना केसांतून फणी फिरवणेही नको वाटते, घट्ट अंबाडा सोसत नाही, कानातले काढून ठेवावे लागते. हे डॉक्टरांना सांगण्यासारखे लक्षण आहे, असे बायकांना वाटतच नाही. ते जरूर सांगावे. अशाच हळवेपणातून अंगभर दुखणे, झोपूनही न जाणारा थकवा आणि तरीही सगळे रिपोर्ट नॉर्मल, असा फायब्रोमायल्जिया होत असावा, असे मानले जाते. अर्धशिशीवाल्यांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. जबड्याच्या सांध्याचे दुखणे, आतड्यांचा आयबीएस आणि एण्डोमेट्रिओसिसमुळे होणारा पाळीचा त्रास यांचेही तसेच. यात कोणामुळे कोण, हे कोडे पुरते सुटलेले नाही. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचे खेळ, असे घरच्यांनी समजू नये.

खरी मेख गोळ्यांत आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, मिश्र गोळी 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर अर्धशिशीच्या रुग्णात गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. कंबरेसाठी किंवा पाळीसाठी घेतलेली गोळीही याच हिशेबात धरायची. ती सहसा कोणी धरत नाही! कॅलेंडरवर डोके दुखले त्या दिवशी एक खूण आणि गोळी घेतली त्या दिवशी दुसरी, एवढे जरी केले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. नाते कळल्याचा फायदाही आहे. अमिट्रिप्टिलिनसारखे औषध रात्री कमी मात्रेत देऊन अर्धशिशी आणि फायब्रोमायल्जिया दोन्हींवर उपचार करता येतो; अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी मात्र या गणगोतात बसवू नये. घास चावताना जबडा भरून येत असेल, कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल, तर तिथल्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते; तेव्हा त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.