अडखळणारी जीभ आणि नोकरीची मुलाखत

मुलाखतीचा पहिला प्रश्न सोपा समजला जातो : 'आपले नाव?' परंतु अडखळत बोलणाऱ्या उमेदवाराला बहुधा हाच प्रश्न सर्वांत अवघड जातो. इतर शब्द अडला तर तो दुसरा शब्द योजून वेळ मारून नेतो; स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कोठून आणणार? तो अडकतो आणि साहेब मनाशी ठरवून टाकतात, 'तयारी कच्ची आहे, घाबरट दिसतो.' पुढची उत्तरे मग नीट ऐकलीच जात नाहीत.

हा निवाडा चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोतरेपणाचा बुद्धीशी काही संबंध नाही. काय बोलायचे ते त्या माणसाला पक्के ठाऊक असते; मेंदूकडून बोलण्याच्या स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञांचा मेळ तेवढा क्षणभर चुकतो. हा दोष पुष्कळदा घराण्यात चालत येतो. २०१० साली त्याच्याशी निगडित काही जनुकेही सापडली. शंभर प्रौढांत सुमारे एकाला तो असतो, पुरुषांत अधिक. जिभेला वेखंड लावून तो जात नाही. घाई व टिंगल यांनी मात्र वाढतो.

दुसरा गैरसमज असा की, हरिपाठात सर्वांबरोबर अस्खलित म्हणणारा हाच माणूस साहेबांपुढे किंवा फोनवर अडतो, म्हणजे तो सोंग करतो किंवा काहीतरी लपवतो. वास्तविक गाताना व एका सुरात म्हणताना अडखळणे बहुतेकांचे थांबते. हे या दोषाचे लक्षणच आहे.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज तोतरे होते. तरी ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारले त्याच दिवशी, रेडिओवरून देशाला धीर त्यांनीच दिला. आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला हजारो स्वयंसेवक राबतात. तेथे माणसाचे काम पाहतात, बोलणे नव्हे. कचेरीत व दुकानात हाच न्याय का नसावा?

मुलाखत घेणाऱ्यांनी एवढेच करावे : त्याचा शब्द आपण पुरा करू नये, 'सावकाश बोल' म्हणू नये, नजर न वळवता थांबावे. अडखळण्याचे गुण कापू नयेत.

आणि तरुण मित्रांनो, 'मी अडखळतो, थोडा वेळ द्यावा' असे आरंभीच सांगून टाका. मनावरचा निम्मा भार उतरतो. हमखास गुण देणारे औषध नाही, त्यामुळे जाहिरातींना भुलू नका. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे सरावाने पुष्कळ फायदा होतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. लहान मूल अडखळत असेल तर नोकरीच्या वयाची वाट पाहू नका, आताच दाखवा.